मागे कोणी नाही

पदयात्रेत सगळ्यांत पुढे क्रूस असतो आणि सगळ्यांत मागे शेपूट. क्रूसाचं ठीक आहे, तो खांदे बदलत जातो. ज्याला उमाळा येईल त्याने उचलावा, दमला की दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावा. शेपूट मात्र दिवसभर एकच माणूस. सकाळी निघताना केशरी जाकीट अंगात चढवायचं, शिट्टी गळ्यात अडकवायची, आणि टेकडीवरच्या चर्चपर्यंत एकाही माणसाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. कोणी बुटाची नाडी बांधायला बसलं, शेपूट थांबणार. कोणी आडोशाला गेलं, शेपूट तोंड फिरवून थांबणार. कोणाला मध्येच रडू फुटलं, तरी शेपूट थांबणार, घड्याळाकडे न बघता.

ही रीत काही उगाच पडलेली नाही. फार पूर्वी एकदा एक बेकरीवाला झाडाखाली टेकला आणि घोरायला लागला. इकडे वर प्रार्थना झाली, जेवणं झाली, भांडीसुद्धा विसळून झाली, तरी तो नाही हे कोणाच्या गावीही नव्हतं. तेव्हा त्या वेळच्या फादरनी नियम केला. शेपटाने सगळ्यांच्या शेवटी आत यायचं, आपल्या हाताने दार लावायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "मागे कोणी नाही." हे शब्द पडले, की मगच उपकारस्तुतीचं गाणं. डोकी मोजायची नाहीत, नावं पुकारायची नाहीत. शेपटाने म्हटलं ना, संपलं.

आणि गेली कित्येक वर्षं हे शेपूट म्हणजे फ्रेमवाला.

माणूस वाईट नव्हता हो. बाजारातल्या एका अरुंद गल्लीत त्याचं दुकान. दोन गिऱ्हाइकं आत शिरली, की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. भिंतीला टेकवलेल्या काचा, त्यांच्या मध्ये मध्ये जुनी वर्तमानपत्रं, लाकडी पट्ट्यांचे भारे, सगळीकडे भुशाचा वास. बारीक खिळे ओठांत धरून काम करायची सवय, त्यामुळे गिऱ्हाइकाशी अर्धं बोलणं मानेनेच. लग्नातले फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, पोरांची प्रशस्तिपत्रं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. आणि दर वर्षी पदयात्रा झाली, की एक फोटो हटकून यायचा. टेकडीवरच्या कमानीखाली सगळा घोळका, मध्ये क्रूस, चेहऱ्यांवर मावळतीचं ऊन. त्याने काच कापायची, फ्रेम ठोकायची आणि स्वतः जाऊन चर्चच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगायची.

त्या फोटोत तो कधीच नसायचा. कसा असणार? फोटो उजेड असेपर्यंत काढायचा, आणि शेपूट पोचतं अंधार पडता पडता. भिंतीवर फोटोंची ही लांबलचक रांग, आणि एकातही आपलं थोबाड नाही! सुरुवातीला त्याने ते हसण्यावारी नेलं. मग एका लग्नात बायकोच्या माहेरच्या कोणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, तुम्ही खरंच जाता का चालत, की नुसत्या फ्रेमाच करता?" सगळे हसले. तोही हसला. पण ते जे आत रुतून बसलं, ते बसलंच.

त्यातून या वर्षी नवे बिशप येणार होते. स्वतः कमानीखाली उभे राहणार, एकेकाशी हात मिळवणार, फोटोत मधोमध असणार. फ्रेमवाल्याने मनाशी ठरवून टाकलं. काय वाटेल ते होवो, या वर्षीच्या फोटोत आपण असणार म्हणजे असणार.

सकाळी गावातल्या चर्चच्या अंगणात बायको त्याला पोचवायला आली ती लंगडतच. तिचा गुडघा टम्म सुजला होता, त्यामुळे तिची यात्रा हुकली. तिच्याबरोबर तिची मावशी, म्हणजे आपल्या फ्रेमवाल्याची मावससासू. मावशी हे काय प्रकरण होतं म्हणून सांगू! सगळी हयात टेलिफोनच्या ऑफिसात गेली, दिवसभर याची लाइन त्याला जोडून द्यायची. आणि स्वतःचा मोबाइल मात्र "बॅटरी उतरते" म्हणून बंद करून पिशवीच्या तळाशी. लग्न केलं नाही, कोणाचं ओझं झाली नाही. आवाज अजूनही असा, की मध्ये तार नसती तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं. हळू बोलणं तिला जमायचंच नाही.

"मावशीला एकटीला मी सोडलंच नसतं," बायको म्हणाली. "पण तुम्ही शेपूट आहात म्हणून निर्धास्त आहे. तिच्या मागे तुम्ही आहात ना, झालं तर मग."

"अगं, डोळ्यांत तेल घालून सांभाळतो," तो म्हणाला.

जाकिटाची चेन जरा उघडी होती. आत नवाकोरा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. बायकोच्या नजरेतून ते कुठलं सुटायला! "अहो, एवढा लग्नाला निघाल्यासारखा शर्ट कशाला? जाकिटाखाली दिसणार कोणाला?"

"असू दे गं, देवाच्या दारी जातोय," असं म्हणून त्याने चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. शेतांमधून जाणारी धुळीची वाट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं. पुढून गाण्याचे सूर वाऱ्याबरोबर यायचे आणि मध्येच तुटायचे. मावशीचं चालणं मात्र बघण्यासारखं. बुटात खडा गेला, थांबा. कुत्रं दिसलं, पिशवीतून बिस्किट काढा. वाटेला वळण आलं, की जपमाळ हातात घ्यायची, आणि एकेक वळण एकेका माणसासाठी. "हे भाचीच्या गुडघ्यासाठी. हे शेजारच्या पोरीच्या परीक्षेसाठी. हे कोपऱ्यावरच्या वाण्यासाठी; माणूस लबाड आहे मेला, पण त्याची पाठदुखी खरी आहे." आणि रस्त्याच्या कडेला उभी, डोळे मिटून, ओठ हलवत.

"मावशी, चालता चालता नाही का करता येणार प्रार्थना?" त्याने एकदा सुचवून बघितलं.

"नाही हो जावईबापू. देवाशी बोलताना माणसाने जागेवर उभं राहावं. घाईत बोललं, की लाइन तुटते."

आता यावर काय बोलणार, कपाळ? पण वळणं काही संपेनात. ही वाट इतकी वाकडी आहे हे त्याला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. पुढचे लोक आधी ठिपक्याएवढे झाले, मग दिसेनासेच झाले. उन्हं कलली, सावल्या लांबल्या, तसा त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. फोटो मावळतीच्या उन्हात काढतात, आणि ऊन कोणासाठी थांबत नाही. दर वर्षी काच पुसताना त्याने ते ऊन बघितलेलं होतं. ते किती वेळ टिकतं याचा त्याला पक्का अंदाज होता.

टेकडीच्या पायथ्याशी ओढ्यावर एक छोटा पूल आहे, दगडी कठड्याचा. तिथून गाडीरस्ता वळसे घेत घेत वर जातो. आणि डावीकडे दाट झुडपं आहेत; त्यांच्यामागून एक चढणीची पायवाट फळबागेतून सरळ कमानीपाशी निघते. म्हाताऱ्या माणसाला ती झेपायची नाही, पण धडधाकट माणूस बघता बघता वर पोचतो. मावशी कठड्यावर बसली, बूट काढला, मोजा काढला, आणि तळवा चोळायला लागली.

तेवढ्यात वर घंटा वाजायला लागली. घंटा म्हणजे बिशप आले.

"मावशी, चला ना आता. वर गेल्यावर बसा हवं तेवढं."

"आले हो. पायात जरा कळ आलीय. आणि एक वळण राहिलंय माझं."

"आता आणखी कोण राहिलं?" त्याच्या आवाजाला धारच आली.

"तुम्ही," मावशी म्हणाली. "सकाळपासून बघतेय, तुमचं चित्त थाऱ्यावर नाही. काहीतरी सलतंय तुम्हाला. मी विचारायची नाही. पण तेवढं देवाच्या कानावर घालून ठेवते." आणि तिने खरोखरच डोळे मिटले.

एखाद्या भल्या माणसाला इथे भरून आलं असतं. याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्यासाठी प्रार्थना, आणि तीही अशी, की ती संपेपर्यंत आपला फोटो जाणार! वर घंटा घणघणतेय, खाली ही म्हातारी तळवा चोळतेय. आणि मग त्याच्या डोक्यात ते आलं. इतकं सहज आलं, की आधीपासून तिथेच बसलेलं असावं. पायवाटेने वर जायचं, घोळक्यात मागे कुठेतरी घुसायचं, फोटो झाला की तसंच खाली यायचं आणि मावशीला घेऊन रीतसर गाडीरस्त्याने पोचायचं. कोणाला पत्ता लागणार? कोणाचं काय बिघडणार?

"मावशी, मी जरा आडोशाला जाऊन येतो," तो म्हणाला. जाकीट तर काढायलाच हवं होतं, नाहीतर घोळक्यात ते लांबूनच उठून दिसलं असतं. ते काढून त्याने मावशीच्या खांद्यांवर घातलं, शिट्टी तिच्या गळ्यात अडकवली. "तोवर हे तुम्ही सांभाळा. आता शेपूट तुम्ही."

"मी? अगंबाई!" मावशी एकदम ताठ बसली. लहान पोरीला वर्गाची मॉनिटर केल्यावर खुलावी तशी खुलली ती. बाह्यांत हात घालून चेनसुद्धा लावून घेतली. "जा तुम्ही, सावकाश या. मी बसलेय तोंड फिरवून." आणि झुडपांकडे पाठ करून ओढ्याकडे बघत बसली.

तो झुडपांमागे गेला आणि थांबला नाही.

बागेतून तो जवळजवळ पळतच वर गेला. धापा टाकत कमानीपाशी पोचला तेव्हा लोक नुकतेच रांगा करत होते, उंच मागे, बुटके पुढे, आणि ऊन अजून होतं. हळूच मागच्या रांगेत घुसावं म्हणून तो वाकला, तोच कोणीतरी ओरडलं, "अरे, शेपूट आलं! शेपूट आलं!"

झालं! सगळ्यांनी वळून बघितलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेपूट फोटोआधी पोचलं, असं कधी घडलंच नव्हतं. "वा वा, आज कमाल केलीत की सगळ्यांनी!" फादर म्हणाले. बिचारे सकाळपासून बिशपांच्या धास्तीने घामाघूम झालेले, त्यांना सगळं वेळेत झाल्याचाच केवढा आनंद! "म्हणजे सगळे आले." त्यांनी ते विचारलंच नाही, सरळ सांगूनच टाकलं. फ्रेमवाल्याने तोंड उघडलं, तर समोर बिशपांचा हात. त्याने तो हातात घेतला. बिशपांनी त्याला आपल्या शेजारी, अगदी क्रूसाजवळ उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "हसा." तो हसला. हे हसू त्याने घरच्या आरशात तयार करून ठेवलं होतं, ते आपोआप आलं.

फोटो झाल्या झाल्या तो रस्त्याकडे सरकला. पण फादरनी दंडालाच धरलं. "चला, चला, दार लावा. बिशपांची गाडी उभी आहे, त्यांना लगेच परतायचंय."

दारात सूप करणारी ताई उभी होती, पदयात्रेचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे. "अहो, टेलिफोनवाल्या मावशी कुठे दिसल्या नाहीत त्या?"

"येतायत. म्हणजे, आल्यात. आतच असतील."

का म्हणाला तो असं? त्यालाही सांगता आलं नसतं. तोंडातून सुटलं आणि मागे घेता येईना. सगळे आत शिरले. त्याने दाराच्या कडीला हात लावला. आताही वेळ गेलेली नव्हती. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, एक जण मागे आहे. पण मग फादर विचारणार, मागे आहे तर तुम्ही पुढे कसे? बिशपांसमोर, अख्ख्या यात्रेसमोर विचारणार. नुकताच फोटो निघालाय, आणि बिशपांच्या शेजारी हाच दात काढून उभा आहे. मावशी काय, येईलच की आता. रस्ता एकच आहे. म्हातारी दणकट आहे. दहा वेळा तरी ती येईलच असं त्याने मनात म्हणून घेतलं.

"मागे कोणी नाही," तो पुटपुटला.

"मोठ्याने हो!" फादर पुढून म्हणाले. "बिशपांनाही ऐकू जाऊ दे आपली रीत."

मग तो ओरडला. "मागे कोणी नाही!" आणि कडी लावली.

गाणं सुरू झालं. दमलेल्या माणसांना गाताना एक वेगळाच सूर लागतो, पाय ठणकत असतात आणि छाती मोकळी झालेली असते. सगळे जीव ओतून गात होते. सुखरूप आणलंस, एकालाही वाटेत ठेवलं नाहीस, असं म्हणून देवाचे आभार मानत होते, आणि ते आभार ज्याच्या शब्दावर मानले जात होते, तो खांबाआड उभा राहून नुसते ओठ हलवत होता. लपायला तेवढी जागा तरी होती. पण गाण्याचं कडवं संपलं आणि बिशपांनी त्याला पुढे बोलावलं. पुढे! सगळ्यांच्या समोर! "मी पुष्कळ चर्च बघितली," ते म्हणाले, "पण एका माणसाच्या शब्दावर अख्खी यात्रा निर्धास्त होते, असं कुठे बघितलं नाही. हा माणूस दिवसभर मागे राहतो, म्हणून तुम्ही सगळे पुढे चालू शकता." आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तो हात हलका होता, ऊबदार होता, आणि त्याखाली त्याची मान मोडायला आली होती. त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. शेजारची म्हातारी त्याच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, "देव तुमचं भलं करो." त्याला वाटलं, हिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

समोर उंच खिडकी होती, रंगीत काचांची. काचेचा माणूस तो. बाहेर किती उजेड उरलाय ते त्याला खिडकी बघूनच कळत होतं. लाल आधी विझला. मग हिरवा मातकट झाला. निळा तेवढा राहिला. दाराकडे तो पुन्हा पुन्हा बघत होता. कोणीतरी ठोठावेल, आत्ता ठोठावेल. कोणी ठोठावलं नाही. ओढ्याला पाणी होतं. पुलाचा कठडा बुटका होता. आणि मावशीच्या पायात कळ आली होती, हे तर तिने स्वतः सांगितलं होतं. त्यानेच ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. 'तिच्या मागे तुम्ही आहात ना, झालं तर मग.' बायकोचा आवाज कानात घुमायला लागला तसा तो उठला.

उठून तरी त्याने काय केलं? पोटावर हात दाबला, तोंड कसनुसं केलं, आणि फादरना खुणेने सांगितलं, की बरं वाटत नाही. फादरनी काळजीने मान हलवली. बाजूच्या दाराने बाहेर पडताना मागून कोणीतरी कुजबुजलं, "दिवसभर तंगडतोड केलीय बिचाऱ्याने."

बागेतून तो खाली धावत सुटला. फांद्या तोंडावर आपटत होत्या, नवा शर्ट कुठेतरी टर्रकन फाटला. दिवेलागणीची वेळ, झाडांखाली अंधार साचलेला. काय काय येत होतं मनात, ते सांगण्यात अर्थ नाही. देवा, ती तिथे असू दे, एवढंच तो म्हणत होता. आणि देवाशी आज बोलायला आपल्याला तोंड आहे का, असंही त्याला वाटत होतं. अर्ध्या उतारावर त्याला शिट्टी ऐकू आली. एक लांब, मग शांतता. मग पुन्हा एक लांब.

ती होती. धडधाकट होती. डोळ्यांत पाणी आलं, ते शर्टाच्या बाहीने पुसलं, आणि झुडपांशी येऊन तो थांबला. आता या माणसाला सुचलं काय, बघा. गाडीरस्ता टाळून आपण बागेतून आलो हे बरंच झालं, असं त्याला वाटलं. त्याने शर्ट खोचला, पट्टा सारखा केला, आणि इतका वेळ तिथेच बसून होतो अशा थाटात झुडपांतून बाहेर आला.

मावशी कठड्यावर तशीच बसली होती, त्याच्याकडे पाठ करून. संधिप्रकाशात केशरी जाकीट तेवढं दिसत होतं.

"मावशी."

"आलात!" ती ओढ्याकडे बघतच म्हणाली. "वळू का मी?"

"वळा."

"हुश्श! जीव भांड्यात पडला बाई माझा." वळून तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलं, चक्कर येऊन पडलात की काय आत. मध्ये मध्ये शिट्टी मारत होते. हाका नाही मारल्या. म्हटलं, अशा वेळी माणसाला लाज वाटते. पोट बिघडलं का हो?"

"हं," तो म्हणाला.

"चेहरा बघा केवढासा झालाय. पाणी घ्या." तिने पिशवीतून बाटली काढून त्याच्या हातात दिली. "एक दुधाची गाडी थांबली होती इथे. चला आजी, वर सोडतो म्हणाला. मी म्हटलं, नाही बाबा, आमचे जावई मागे आहेत. शेपूट कसं पुढे जाईल? पायाची कळ तर केव्हाच थांबली होती माझ्या. पण तुम्हाला सोडून जायचं म्हणजे काय!"

त्याने बाटली नुसतीच हातात धरली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते त्याला आज कळलं. सांगून टाकावं, इथल्या इथे, या अंधारात, तिच्या पायांशी बसून. तो खरंच तोंड उघडणार होता. पण मावशीने त्याचा दंड धरला, "टेका माझ्यावर, अशक्तपणा आला असेल," आणि दोघं गाडीरस्त्याने वर निघाले. तो तिला न्यायला आला होता, आणि तीच त्याला धरून नेत होती.

आणि चालता चालता, लाज वाटते सांगायला, त्याच्या डोक्यात पुन्हा चक्रं फिरायला लागली. वर सगळ्यांना वाटतंय, याचं पोट बिघडलं. खाली मावशीलाही वाटतंय, याचं पोट बिघडलं. म्हणजे सगळं जुळतंय की! बाजूच्या दाराने हळूच आत न्यायचं, शेवटच्या बाकावर बसवायचं, जाकीट काढून घ्यायचं. सूप प्यायच्या वेळी कोण विचारतंय?

"माझ्यामुळे तुमचा फोटो हुकला असेल हो," मावशी मध्येच म्हणाली.

तो जागच्या जागी थबकला.

"इस्त्रीचा शर्ट बघितला तेव्हाच मी ओळखलं. भाचीलाही म्हटलं मी, की यांना फोटोत यायचंय, बोलत नाहीत एवढंच. खरंच आहे तुमचं. दर वर्षी तुम्ही मागे राहायचं, आणि फोटो बाकीच्यांनी काढायचे! त्यासाठीच तर मागितलं मी आज, त्या शेवटच्या वळणावर. एकदा तरी यांना फोटोत येऊ दे म्हणून." तिने सुस्कारा सोडला. "पुढच्या वर्षी मी होते शेपूट. तुम्ही खुशाल पुढे जा."

मान खाली घालून तो पुन्हा चालायला लागला.

कमानीतून आत आल्यावर तो बाजूच्या दाराकडे वळला. "मावशी, इकडून जाऊ."

"छे! शेपटाने मोठ्या दारानेच जायचं असतं. एवढं मलाही माहीत आहे."

कडी त्यानेच आतून लावलेली. सूप करणाऱ्या ताईने ती मघाशी पातेली आणायला जाताना काढली असावी, कारण मावशीने हात लावताच दार हललं. आत शांत होतं. बिशप शेवटचा आशीर्वाद द्यायला उभे राहिले होते.

"तुम्ही आधी," मावशी म्हणाली आणि तिने त्याला पाठीत हलकेच ढकललं. "मी शेपूट."

तो आत आला. माना वळल्या. बरं वाटतंय ना, अशा नजरेने लोकांनी बघितलं, कोणी जरा हसलंही. मग त्याच्या मागून ते केशरी जाकीट आत आलं. मावशीने दार लावलं, कडी घातली, नीट बसली ना ते हलवून बघितलं. मग वळून ताठ उभी राहिली आणि म्हणाली. मोठ्याने म्हण असं तिला कोणी सांगायची गरजच नव्हती.

"मागे कोणी नाही."

आशीर्वादासाठी उचललेला बिशपांचा हात तसाच राहिला. कोणी हललं नाही. फादरनी मावशीकडे बघितलं, जाकिटाकडे बघितलं, मग त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं. सूप करणाऱ्या ताईने तोंडावर हात ठेवला. पहिल्या बाकावरची ती म्हातारी, जिने देव तुमचं भलं करो म्हटलं होतं, तिने मान खाली घातली. एवढी माणसं, आणि एकही आवाज नाही.

मावशी मात्र गाण्याची वाट बघत होती. गाणं काही सुरू होईना, तशी ती बावरली. "काय झालं? बरोबर म्हटलं ना मी, जावईबापू?"

"तुम्ही बरोबर म्हटलंत, मावशी," तो म्हणाला. आवाज फुटला, पण पार पुढच्या बाकापर्यंत गेला. "मघाशी मी म्हटलं होतं, ते खोटं होतं. फोटोसाठी मी तुम्हाला खाली सोडून वर आलो होतो."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. तिला ते लगेच उमगलं नाही. हळूहळू उमगत गेलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

"म्हणजे तुम्ही झुडपात नव्हतातच?"

"नाही, मावशी."

"मी तोंड फिरवून बसले होते हो," मावशी म्हणाली. आवाज खाली आणायचा म्हणून तिने आणला, पण तिला ते कधीच जमायचं नाही, आणि ते सगळ्या चर्चला ऐकू गेलं.